टुरिंगची जड गाडी रेस ट्रॅकवर: तयारीपासून परतीपर्यंत

पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला आणि तो सोडलाच नाही, तर सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बेंगळुरू, वेल्लोर करत साधारण साडेअकराशे किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर लागतं. चेन्नईच्या दिशेनं थोडं पुढे गेलं की इरुंगट्टुकोट्टई, आणि तिथं मद्रासचा रेस ट्रॅक. पुण्या-मुंबईच्या माणसाला टुरिंगची, म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रवासाची मोटारसायकल चालवत नेऊन, तिच्यावरच ट्रॅक डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस) करून, तिच्यावरच घरी परतायचं असेल तर मला हा सर्वांत सरळ मार्ग वाटतो. मी तीनदा केला आहे. गाडी कावासाकी व्हर्सिस १०००: १०४३ सीसी, चार सिलेंडर, १२० पीएस, २१ लिटरची टाकी, आणि तेलपाण्यासकट वजन २५५ किलोच्या आसपास.

“एवढं धूड ट्रॅकवर कशाला?” हा प्रश्न प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच. माझं उत्तर सोपं आहे. वर्षभर मी हीच गाडी चालवतो. घाटात अचानक आडवा आलेला ट्रक, पावसाळ्यानंतर वळणावर पसरलेली खडी, यांच्याशी गाठ पडते तेव्हा माझ्या हाताखाली हीच असते. तिचा ब्रेक किती दाबता येतो आणि ती किती झुकते हे समोरून वाहन येत नाही अशाच ठिकाणी शिकायला हवं, आणि अशी जागा ट्रॅकखेरीज नाही.

एक गोष्ट मात्र आधीच मनाशी पक्की करा. जड गाडीला जे सांगायचं ते लवकर आणि सावकाश सांगावं लागतं. हलकी स्पोर्ट्स बाइक उशिरा दिलेला हुकूमही ऐकते, ही ऐकत नाही. पुढची सगळी तयारी आणि चालवण्याचं सगळं तंत्र या एकाच गोष्टीभोवती फिरतं.

ट्रॅक कोणता

मद्रासचा ट्रॅक १९९० पासून चालू आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या मंडळींनी तो उभा केला. त्याआधी शर्यती शोलावरमच्या धावपट्टीवर व्हायच्या. आता नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट, पण चालवणाऱ्यांच्या तोंडी अजून एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक). लांबी ३.७१७ किलोमीटर, १२ वळणं, सी-१ पासून सी-१२ पर्यंत. फेरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, त्यामुळे टायरचा उजवा खांदा जास्त झिजतो.

कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. छोट्या गाड्यांसाठी उत्तम, पण अडीचशे किलोच्या गाडीला तिथं श्वास घ्यायला जागा नाही. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, आणि त्यातला एक सरळ पट्टा किलोमीटरहून लांब. तिथं आपली गाडी दोनशेपर्यंत सहज जाते आणि मग ते सगळं वजन थांबवावं लागतं. पहिल्या अनुभवासाठी मी ते सुचवणार नाही. मद्रास मधलं आहे: वेगाची वळणंही आहेत, संथही आहेत, आणि ब्रेकला मधे मधे उसंत मिळते.

महिना जानेवारी किंवा फेब्रुवारी धरा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथं परतीचा मान्सून असतो, आणि मार्चनंतर कातडी सूट घालून उभं राहणंसुद्धा शिक्षा होते.

तुम्ही कधीच ट्रॅकवर गेला नसाल तर मोकळ्या ट्रॅक डेपेक्षा शिकवणीचा दिवस निवडा. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग याच ट्रॅकवर भरत आले आहेत. आपल्याकडचे काही अनुभवी रेसरही शिकवतात. नाव नोंदवताना गाडीचं मॉडेल स्पष्ट सांगा आणि नवशिक्यांच्याच गटात जागा मागा. महामार्गावर लाख किलोमीटर झाले असले तरी ट्रॅकवर आपण नवशिकेच.

महिनाभर आधी: ब्रेक

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. गाडी २५५ किलो, मी आणि माझा सगळा पोशाख मिळून ९०, म्हणजे एकूण ३४५. ताशी १८० वरून ८० वर यायचं तर ब्रेकना सुमारे ३४६ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. मोटारसायकलस्वारासकट २८० किलो भरणारी सहाशे सीसीची स्पोर्ट्स बाइक घेतली तर हाच आकडा २८१ वर येतो. म्हणजे प्रत्येक वळणाआधी माझ्या डिस्क जवळजवळ पावपट जास्त उष्णता घेतात, तीही फेरीमागून फेरी.

ब्रेकमधलं डॉट ४ प्रतीचं तेल हवेतला ओलावा शोषतं. ताजं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश. रस्त्यावर हा फरक कधी जाणवत नाही. ट्रॅकवर तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, तेल नाही. मग लिव्हर हातात येतो आणि गाडी थांबत नाही.

पहिल्याच वेळी हे माझ्या वाट्याला आलं. तिसरं सेशन, चौथी फेरी. दोन बोटांनी दाबला की एरवी हँडलपासून चांगला लांब थांबणारा लिव्हर हँडलवरच्या बाकीच्या बोटांच्या पेरांना येऊन टेकला. त्या क्षणी फक्त एवढंच सुचलं की झुकवायचं नाही. गाडी सरळ ठेवली, लिव्हर सोडून भराभर दोनदा दाबला, थोडा दाब परत आला, एकेक गिअर खाली आणला आणि वळण सोडून बाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात हळूहळू थांबलो. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, ब्रेक तेलाच्या डबीचं झाकण उघडलं तर तेलाचा रंग टपरीवरच्या उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाचा. दोन महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात ‘ब्रेक फ्लुइड बदलले’ अशी स्वच्छ ओळ होती. परतल्यावर आमच्या गॅरेजवाल्या काकांना बिल दाखवलं. ते एवढंच म्हणाले, “दादा, कागदावर बदललंय, गाडीत नाही.”

तेव्हापासून तेल मी समोर उभा राहून बदलून घेतो. पुढचं आणि मागचं दोन्ही. सीलबंद बाटली आपल्यासमोर फोडायची, नळीतून स्वच्छ तेल येईपर्यंत आणि एकही बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत काढत राहायचं. पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर नवे घाला आणि निघण्याआधी रस्त्यावर दोनएकशे किलोमीटर चालवून बसवून घ्या. जुने पॅड फेकू नका, ते परतीला उपयोगी पडतात.

टायर

व्हर्सिसला पुढे १२०/७०-१७ आणि मागे १८०/५५-१७ टायर येतात. ही स्पोर्ट्स बाइकचीच मापं, म्हणून निवड भरपूर. तरी चालवत जायचं आणि चालवत यायचं असेल तर चांगले स्पोर्ट-टुरिंग टायरच ठेवा. निव्वळ ट्रॅकचे टायर साडेअकराशे किलोमीटरच्या महामार्गावर मधोमध झिजून जातील आणि थंड सकाळी धड पकडणारही नाहीत. स्पोर्ट-टुरिंग टायरमध्ये मधला रबर कडक आणि बाजूचे खांदे मऊ असतात. नवशिक्या गटाच्या वेगाला ते पुरून उरतात.

खरी अडचण वेगळीच. महामार्गावर सरळ चालून चालून टायर मधे सपाट होतो, ‘चौकोनी’ होतो. असा टायर झुकवताना सपाटीच्या कडेवर अडतो आणि मग एकदम आडवा पडतो. तळहात मागच्या टायरवर आडवा फिरवा; मधेच धार लागली तर तो टायर ट्रॅकवर नेऊ नका.

हवेचं गणित सोपं, पण मोजूनच करायचं. रस्त्यावर माझ्या गाडीत पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय असते. ती मागचा माणूस आणि सामान धरून ठरवलेली हवा. ट्रॅकवर गरम टायरमध्ये ती फार होते. मी सकाळी टायर पूर्ण थंड असताना पुढे ३३, मागे ३६ ठेवतो. पहिल्या सेशननंतर लगेच मोजतो. तीन ते पाच पीएसआय वाढ झाली असेल तर ठीक. त्याहून बरीच जास्त वाढली म्हणजे थंडपणी हवा कमी होती आणि टायर जास्त मळला जात होता. वाढलीच नाही तर हवा जास्त तरी आहे किंवा मी पुरेसं चालवत नाही. टायर बनवणाऱ्याने ट्रॅकसाठी वेगळे आकडे दिले असतील तर ते प्रमाण माना. हवा मोजायचं स्वतःचं मीटर आणि छोटा पंप बरोबर असायलाच हवा.

काय काय उतरवायचं

ट्रॅकवर गाडी सोडण्याआधी तपासणी होते. तपासणाऱ्याला बघायचं असतं की गाडीवरून काही गळून पडणार नाही, सांडणार नाही आणि जमिनीला टेकून गाडी उचलणार नाही. टुरिंगच्या गाडीवर अशा वस्तूंचं दुकानच असतं. साइड बॉक्स, मागची डिकी आणि तिची लोखंडी प्लेट, मोबाइलचा स्टँड, जादा दिवे, टाकीवरची बॅग, साडी गार्ड, सगळं खाली. लेग गार्ड रुंद असेल तर तो आधी टेकतो आणि पुढचं चाक जमिनीवरून उचलतो, तो काढाच. सेंटर स्टँड बसवून घेतला असेल तर तोही. हे दोन काढायचं खूप जण टाळतात, कारण बोल्ट गंजलेले असतात. घरीच एकदा काढून, ग्रीस लावून परत बसवून ठेवा, म्हणजे तिथं उन्हात झटापट करावी लागणार नाही.

आरसे काढा किंवा झाकून टाका. हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटर यांवर चिकटपट्टी. नंबर प्लेटही उतरवावी लागते. ती आणि तिचे स्क्रू एकाच पिशवीत घालून पिशवीवर नाव लिहा. चाकांच्या एक्सलचे नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) तपासा, चेनचा ढिलेपणा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरप्रमाणे ठेवा, ऑइलची पातळी बघा, कूलंट कुठून झिरपत नाही ना याची खात्री करा.

पेट्रोल अर्धी टाकी. दहा लिटर कमी म्हणजे साडेसात किलो कमी, तेही गाडीच्या सगळ्यात उंच जागेवरून. एस आकाराच्या जोडवळणात गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला झुकवताना हा फरक हाताला कळतो.

शॉकअप

माझ्या गाडीचा पुढचा शॉकअप १५० मिलिमीटर खाली-वर होतो. खड्ड्यांसाठी तो वरदान, ब्रेकला मात्र तो खूप खोल बसतो. मागचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती आवळून ठेवलीय ते) वाढवला की गाडीचं शेपूट वर राहतं: जमिनीपासून उंची वाढते आणि वळायलाही ती थोडी चपळ होते. व्हर्सिसला त्यासाठी बाजूला हाताने फिरवायची मूठ आहे. सामान उतरवल्यावर तिच्या आहे त्या जागेपासून दोन फेरे आवळा, एक सेशन चालवा, मग ठरवा. स्प्रिंग आवळली की ती जोरात उसळते, म्हणून रिबाउंड (दबलेला शॉकअप परत वर येण्याचा वेग) एक-दोन क्लिक हळू करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सला हात लावू नका. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) चालू. पहिलं सेशन कमी ताकदीच्या मोडवर.

अंगावर काय, आणि विमा

कातडी सूट, एकसंध किंवा कमरेला चेनने जोडला जाणारा. कापडी रायडिंग जॅकेट कितीही महाग असलं तरी बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि ते योग्यच आहे. पाठीचं प्रोटेक्टर, मनगट झाकणारे ग्लोव्ह, घोट्याच्या वर जाणारे बूट. हेल्मेट फुल फेस; टुरिंगवाल्यांचं आवडतं वर उचलायचं फ्लिप-अप हेल्मेट घरी ठेवा. सूट नसेल तर काही आयोजक भाड्याने देतात, आधी विचारा.

विम्याबद्दल स्पष्ट सांगतो. आपल्या नेहमीच्या मोटर पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणीसाठी वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडी पडली तर खर्च खिशातून, असंच धरून चला. शिवाय आयोजक ‘जोखीम माझी’ अशा कागदावर सही घेतात. स्वतःच्या आरोग्य विम्यात अशा प्रकारांबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा आणि बरोबर आलेल्या एका माणसाला घरचा नंबर आणि रक्तगट देऊन ठेवा.

जाणं

दोन दिवस धरा, आणि तिसरा दिवस पूर्ण विश्रांतीचा. पहिल्या रात्री मी दावणगेरे-चित्रदुर्गच्या पट्ट्यात थांबतो, दुसऱ्या दिवशी बेंगळुरूची गर्दी दुपारी ओलांडून संध्याकाळपर्यंत श्रीपेरुंबुदूर. बॉक्स, सेंटर स्टँड वगैरे तिथल्या खोलीवर उतरवायचं. साडेअकराशे किलोमीटर चालवून दुसऱ्याच सकाळी ट्रॅकवर उतरणारे मी पाहिले आहेत. दुपारच्या जेवणापर्यंत त्यांची मान आणि मनगटं संपलेली असतात. ज्यांना सुट्टी कमी आहे त्यांनी गाडी टेम्पोने पाठवावी, त्यात कमीपणा नाही.

सकाळची माहिती आणि झेंडे

पोहोचलात की सावलीची जागा धरा आणि साइड स्टँडखाली लोखंडी किंवा लाकडी पट्टी ठेवा. दुपारी डांबर मऊ होतं, आणि अडीचशे किलोची गाडी त्यात स्टँड रुतवून आडवी पडते.

सकाळची माहिती देतात तेव्हा कान देऊन ऐका. झेंडे पाठ हवेत: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं. मागे कोणी आहे हे लक्षात ठेवून वेग उतरवत पिटमध्ये या. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्त्यावर तेल किंवा घसरण. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. काळा तुम्हालाच दाखवला तर पिटमध्ये या, गाडीतून काहीतरी गळत असेल. चौकटींचा म्हणजे सेशन संपलं.

निळा झेंडा दिसला म्हणून बाजूला होऊ नका. आपली लाइन धरून ठेवा, मागचा वाट काढेल. ती जबाबदारी त्याची. सरळ पट्ट्यावर आपली गाडी हलक्या गाड्यांना मागे टाकते आणि वळणात त्याच आपल्या मागे येऊन अडकतात, हे दिवसभर होत राहतं. अशा वेळी पुढच्या सरळ पट्ट्यावर थ्रॉटल थोडा कमी ठेवा आणि त्यांना जाऊ द्या. पिटमध्ये जाताना डावा हात वर.

पहिलं सेशन: नुसतं बघायचं

सेशन साधारण १५-२० मिनिटांचं. पहिल्यात सहाएक फेऱ्या होतात. त्यात ब्रेक जवळजवळ लावूच नका. एकाच गिअरमध्ये, शक्यतो तिसऱ्यात, अख्खी फेरी मारा. असं केलं की वेग आपोआप मर्यादेत राहतो आणि डोळे मोकळे होतात. प्रत्येक वळणाच्या तीन खुणा शोधायच्या: कुठून वळायला सुरुवात, आतल्या कडेला कुठे सर्वांत जवळ यायचं, आणि बाहेर कुठे पडायचं. मधल्या खुणेला चालवणारे एपेक्स म्हणतात. खूण हलणारी नको. सावली नको, उभी गाडी नको. डांबराचा जोड, कडेच्या रंगीत पट्टीची सुरुवात, मार्शलची चौकी, असं काहीतरी पक्कं.

आपल्या गाडीसाठी एपेक्स थोडा उशिरा धरा. लवकर आत गेलात तर बाहेर पडताना रस्ता संपतो, आणि जड गाडीची दिशा मधेच बदलणं अवघड.

ब्रेक दाबणं आणि सोडणं

दुसऱ्या सेशनपासून ब्रेकवर काम करा. चक्क्यासाठी दही बांधलेलं फडकं पिळताना आपण काय करतो? आधी हलक्या हातानं मूठ आवळतो, पाणी सुटू लागलं की मग जोर लावतो. एकदम आवळलं तर फडकं फाटतं. लिव्हरचं तसंच. पहिल्या अर्ध्या सेकंदात इतकाच दाब की पुढचा शॉकअप खाली बसेल आणि वजन पुढच्या टायरवर येईल. टायर रस्त्यावर पसरला की मग हवा तेवढा जोर लावा, तो धरतो. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, नाहीतर अंगाचं सगळं वजन हँडलवर येतं आणि हात ताठ होतात.

सोडणं दाबण्याइतकंच सावकाश हवं, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. लांब शॉकअपची गाडी ब्रेक एकदम सोडला की पुढून उसळते, आणि नेमक्या वळायच्या क्षणी बाहेर पळते. गाडी झुकत जाते तसा ब्रेक हलका होत जायला हवा.

ब्रेक कुठे लावायचा? जिथं लावावासा वाटतो त्याच्या पन्नास मीटर आधी. पुढच्या फेरीत पाच मीटर पुढे. असं वाढवत न्या. वळायच्या वेळी वेग फार कमी झाल्यासारखं वाटणं थांबलं की तिथंच राहा. गिअर खाली आणण्याचं काम गाडी सरळ असतानाच संपवायचं, स्लिपर क्लच (गिअर खाली आणताना मागचं चाक अडकू न देणारा क्लच) असला तरी.

मुख्य सरळ पट्ट्यानंतरचं सी-१ हे वेगात घ्यायचं उजवं वळण आहे. रेसर तिथं जे करतात ते पाहून भुलू नका. पहिल्या दिवशी तिथं लवकर ब्रेक, एक गिअर खाली, आणि स्थिर थ्रॉटलवर वळण. तिथला वेग कमावायला दुसरा-तिसरा ट्रॅक डे आहे.

झुकणं

‘जड गाडी जास्त झुकवावी लागते’ हा समज चुकीचा आहे. गाडी किती झुकणार हे मुख्यतः वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात, वजन त्या हिशेबात येत नाही. ६० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ७२ ला सुमारे ३४ अंश, ८० ला ४० अंश. आठ किलोमीटरच्या वेगाने सहा अंश वाढले, आणि टुरिंगच्या गाडीचे पेग, म्हणजे पाय ठेवायचे दांडे, साधारण याच सुमाराला जमिनीला टेकायला लागतात. म्हणून वेग नीट मोजून वळणात जाणं महत्त्वाचं.

वळवताना हँडल ढकलायचं. उजवीकडे जायचं तर उजवा हात पुढे. रुंद हँडलमुळे जोर मिळतो, पण गाडी क्षणभर विचार करून मग झुकते. म्हणून ढकलणं किंचित आधी सुरू करा, एका दमात करा, आणि झुकली की सोडून द्या. नजर एपेक्सवरून पुढे बाहेरच्या टोकाकडे. गुडघा जमिनीला टेकवायच्या मागे लागू नका. उंच बसायच्या गाडीवर ते वेडंवाकडं होतं. सीटवरून अर्धं ढुंगण आतल्या बाजूला, छाती आतल्या आरशाच्या जागेकडे, पावलाचा पुढचा भाग पेगवर. एवढ्याने गाडी दोन-तीन अंश कमी झुकवावी लागते. टाच बाहेर काढून पाऊल आडवं ठेवलंत तर पेगच्या आधी बूट घासेल.

पेगखालचा छोटा बोल्ट घासला की ‘खर्रर्र’ असा आवाज येतो आणि पायाला झिणझिण्या येतात. त्या वेळी हात आपोआप थ्रॉटल बंद करतो. हेच करू नका. थ्रॉटल सोडला की वजन पुढे जातं, शॉकअप दबतो, गाडी आणखी खाली बसते आणि आता बोल्टच नाही तर ब्रॅकेट घासतो. थ्रॉटल आहे तिथं धरा, अंग थोडं आणखी आत घ्या, पेगवरचा पाय पाण्यावर ठेवल्यासारखा हलका राहू द्या. बोल्ट घासतो तेव्हा पेग वर दुमडतो, तो त्यासाठीच बनवलेला आहे. मात्र प्रत्येक फेरीत त्याच जागी घासत असेल तर तिथं तुमचा वेग जास्त तरी आहे किंवा वळायला तुम्ही उशीर करताय.

झुकून स्थिर झालात की थ्रॉटल अगदी हळू उघडत न्या. त्यामुळे वजन मागच्या रुंद टायरवर जातं आणि गाडी उंच राहते. वळणात एकदा उघडलेला थ्रॉटल परत बंद करावा लागला तर समजा, आत येतानाच वेग जास्त होता.

दुपार

पडझड बहुधा जेवणानंतर होते. माणूस थकलेला असतो, आणि सकाळी जमलेल्या गोष्टींचा भरवसा वाटू लागलेला असतो. दर सेशननंतर सूट कमरेपर्यंत उतरवा, पाण्यात ओआरएस घालून प्या. जेवायला दहीभात, तिथं तो सगळीकडे मिळतो आणि पोटाला जड होत नाही. शहाळं दिसलं तर घ्या. ट्रॅकवर माझी गाडी लिटरला नऊच्या आसपास देते, महामार्गावर अठरा-वीस, म्हणून दुपारी हायवेच्या पंपावर दहा लिटर भरावं लागतं.

सेशन संपल्यावरची शेवटची फेरी ब्रेक न लावता मारा, म्हणजे डिस्कवरून वारा जाईल. उभी केल्यावर लिव्हर दाबून धरू नका. गरम डिस्कला पॅड चिकटून राहतात. लिव्हर जरा जरी मऊ लागला, किंवा मागचा टायर सकाळच्यापेक्षा वेगळा वाटला, तर पुढचं सेशन सोडा. शेवटचं सेशन मी तीनपैकी दोनदा सोडलं आहे. एकदा मनगटासाठी, एकदा डोळे खुणांपर्यंत वेळेत पोहोचत नव्हते म्हणून.

परतायच्या आधी

त्याच संध्याकाळी निघू नका. रात्री झोपा, सकाळी टायर थंड असताना हवा परत ३६ आणि ४२ करा. आरसे, नंबर प्लेट, इंडिकेटर, सगळं जागेवर. दिव्यांवरची चिकटपट्टी काढून प्रत्येक दिवा लावून बघा. एक्सल, कॅलिपर आणि हँडलचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने. पॅड किती उरलेत ते बॅटरी लावून बघा. कमी असतील तर जपून ठेवलेले जुने घाला. सामान चढलं की प्रीलोड सामानाप्रमाणे. बॉक्स लावल्यावर गाडी एकदम रुंद झालेली असते, पहिल्या टोल नाक्याच्या दुचाकीच्या अरुंद लेनमध्ये हे लक्षात ठेवा. महामार्गावर पहिला तासभर स्पीडोमीटरकडे मुद्दाम बघत राहा, कारण ताशी शंभर हा वेग पायी चालल्यासारखा वाटतो.

आणि चहाला थांबाल तिथं, आठवण ताजी असताना, वहीत लिहून काढा. माझ्या वहीतली मागच्या वेळची नोंद अशी: ‘थंड ३३/३६, गरम ३७/४०. प्रीलोड घरच्यापेक्षा दोन फेरे, रिबाउंड एक क्लिक. पुढचे पॅड पाऊण मिलिमीटर गेले. पेगचा बोल्ट उजवा ४ मिलिमीटर घासला, डावा २. डावीकडे नजर उशिरा जाते. सी-१ ला ब्रेक अजून हळू सोडायचा.’